सकवारबाईची ‘सरी’

परदेशी गिऱ्हाईक रेशीम गिरणी बघायला येणार म्हणून झाडलोट झाली, भिंतींना चुना लागला, फाटकावर आंब्याची पानं लटकली. बायकांच्या हातांना मात्र चुना लावता येईना.

बंगळूरच्या त्या गिरणीत बायका रांगेनं बसत. प्रत्येकीपुढं कढत पाण्याचं घंगाळ आणि त्यात उकडलेले कोष. पाण्यात बोटं घालून कोषाचं टोक हुडकायचं, चार-पाच टोकं जुळवून धागा वरच्या फिरत्या रहाटाला द्यायचा, आणि पुन्हा बोटं पाण्यात. दिवसभर हेच. बोटांची कातडी पांढरी पडून सुटायची, खाली लाल मांस दिसायचं, मग त्यात पू व्हायचा. ह्याच रेशमाची लुगडी चिकपेटेतल्या दुकानांत काचेआड झळकायची. रांगेतली सकवारबाई त्या बाजूनं गेली तर मान वळवून जायची. तिला त्या जरीकाठात बोटंच दिसायची.

मॅनेजर बिंदुमाधव हुशार माणूस. त्यानं हुकूम सोडला, की पाहुणे फिरत असताना सगळ्यांनी हात पाण्यात बुडवून ठेवायचे, अजिबात वर काढायचे नाहीत. कढत पाण्यात! आईच्या पोटी जन्मलेल्या माणसाला हे सुचावं तरी कसं? पण सुचलं, आणि बायकांनी मुकाट्यानं ऐकलंही. सकवारबाईनं ओठ चावून ऐकलं. ऐकलं नाही ते एकट्या मथुरेनं. गोरा साहेब तिच्यासमोर आला तसे तिनं दोन्ही हात वर काढले आणि थेट त्याच्या नाकापुढं धरले. साहेब दचकला, खिशातला रुमाल तोंडाला लावला आणि भराभरा पुढं गेला. संध्याकाळी मथुरेला फाटकाबाहेर काढलं.

मथुरा सकवारबाईच्या समोरच्या घरातली. नवरा छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या त्या सडक्या बोटांवर चाललेलं.

गिरणीत युनियन तेव्हा नुकतीच उभी राहिली होती. कापडगिरणीतला यल्लाप्पा ती बांधत होता. त्यानं सभा घेतली आणि एकच गोष्ट ठरली: मथुरा आत आल्याशिवाय घंगाळाला कुणी हात लावायचा नाही. बायका फाटकाबाहेर ठाण मांडून बसल्या. उन्हात बसल्या, उपाशी बसल्या, घरच्यांची बोलणी खाऊन बसल्या. शेवटी मॅनेजरनं निरोप धाडला, की तुमच्यातल्या एकीला बोलायला पाठवा. सगळ्यांनी सकवारबाईला पुढं केलं. वयानं मोठी, आणि कुणापुढं न घाबरणारी.

इथं त्या ‘सरी’चं सांगायला हवं. सकवारबाईचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडं आलं, असं घरात सांगत. एवढ्या पिढ्या मराठी टिकली, पण बोलणाऱ्याला द्यायचा हुंकार तेवढा कानडी झाला. बाजारात कुणी ‘सरी’ म्हटलं तर त्याचा अर्थ ठीक आहे, ठरलं. ह्यांच्या गल्लीत ‘सरी’ म्हणजे ऐकतेय, पुढं बोल. शेजारीण सासूचं गाऱ्हाणं सांगायला लागली, की ऐकणारी सरी, सरी करत राहायची. म्हणून काही तिला ते गाऱ्हाणं पटलं असं नव्हे.

बिंदुमाधवही इथल्याच जुन्या मराठी घरातला. त्यानं सकवारबाईला चक्क खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि मराठीत सुरुवात केली.

“अक्का, आपण एका भाषेची माणसं. तो यल्लाप्पा कोण आपला?”

“सरी,” सकवारबाई म्हणाली.

“बायकांच्या हातांना मी चांगलं मलम आणवतो.”

“सरी.”

“दुपारची सुट्टीसुद्धा स्वल्प वाढवून देऊ.”

“सरी.”

“पण मथुरेनं परक्या माणसापुढं गिरणीची अब्रू घालवली. तिला मालक घेणार नाहीत. तेवढं आता सोडून द्यायचं आणि सगळ्यांनी कामावर यायचं.”

“सरी,” म्हणून सकवारबाईनं कॉफीचा पेला खाली ठेवला. आता तिची बोलायची पाळी होती. जिभेवर सगळं तयार होतं: सार, अब्रू हातांची गेली की तुमची, ते आधी सांगा. पण बिंदुमाधव उठलाच. व्हरांड्यात जाऊन त्यानं फाटकाकडं तोंड करून कानडीत आरोळी ठोकली, “अक्कानं सगळं मान्य केलंय! चला कामाला!”

सकवारबाई धावत बाहेर आली. “कुठं मान्य केलं? मी कधी म्हणाले?”

“सरी म्हणालात की नाही? देवाशपथ सांगा.”

ती म्हणाली होती. खोटं कसं बोलणार? तेवढ्यात फाटक उघडलं आणि दमल्या-भागल्या बायका एकेक करून आत शिरल्या. तिच्याकडं कुणी बघेना. बाहेर रस्त्यावर मथुरा तेवढी उरली.

“अक्का, खरंच म्हणालात?”

“म्हणाले गं. पण तसं नाही म्हणाले.”

“मग कसं म्हणालात?” मथुरेनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती चालू लागली.

यल्लाप्पानं तर कपाळावर हात मारून घेतला. तो कानडी माणूस, त्याच्या लेखी सरी म्हणजे सरी. “आता पुन्हा बाहेर बसलो तर लेबर ऑफिसर विचारणार, शब्द कुणी मोडला? काय सांगू मी त्याला, अक्का? तुमच्या गल्लीतलं व्याकरण?”

सकवारबाई घरी आली ती धुमसतच. भाकरी थापताना तिनं परात अशी आपटली, की सुनेनं काही विचारलं नाही. चूक झाली असती तर तिनं स्वतःला चार शिव्या देऊन विषय संपवला असता. पण बिंदुमाधवला कळलं नव्हतं थोडंच? देवळात कीर्तनाला त्याची आई पुढंच बसायची आणि बुवांच्या वाक्यावाक्याला सरी, सरी करायची. त्या माउलीच्या दुधाबरोबर त्यानं ती सरी प्यायलेली. सगळं ठाऊक असून त्यानं आपल्याच भाषेचा फास केला आणि मथुरेच्या गळ्यात अडकवला. एका भाषेची माणसं म्हणे! जळो ती भाषा, जिच्यात असं गोड बोलता येतं.

सकाळी भोंग्याआधी गिरणीच्या नळावर बायका पाणी पीत होत्या. सकवारबाई त्यांच्यात घुसली. दोघी-तिघींनी तोंड फिरवलं.

“शिव्या मागनं द्या,” ती म्हणाली. “आज तो जे सांगेल त्याला सरी म्हणायचं. सगळ्यांनी. आमच्या गल्लीत म्हणतो तसं.”

कानडी बायकांना आधी उमगेना. मग उमगलं, आणि एक जण फिसकन हसली.

भोंगा झाला. बायका जागेवर बसल्या. उकडलेले कोष घंगाळात पडले. देखरेखीवरचा पिराजी मेस्त्री नेहमीसारखा ओरडला, “हं, चला, धागा धरा!”

“सरी,” रांगच्या रांग म्हणाली. हात मांडीवर.

“धागा धरा म्हणतोय!”

“सरी.”

“बहिऱ्या झालात काय?”

“सरी, सरी.”

पिराजी लाल झाला, शिव्या देऊन पाहिल्या, गोडीनं सांगून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच. रहाट रिकामे फिरत होते. उकडलेला कोष वेळेत उलगडला नाही तर त्याचा लगदा होतो, हे पिराजीला सांगायला नको होतं. घंगाळातून वास सुटायला लागला तसा तो मॅनेजरकडं पळाला.

बिंदुमाधव तरातरा आला. “काय तमाशा आहे? काल ठरलंय ना? कामाला लागा!”

“सरी,” सगळ्या म्हणाल्या.

तो थेट सकवारबाईसमोर येऊन उभा राहिला. “अक्का, हा शब्द मोडणं झालं.”

“नाही सार. कालच्याच शब्दाला धरून आहोत. कालची सरी जशी होती, तशीच आजची. काल तुम्हाला कळली, मग आज का कळेना?”

त्यानं तिच्याकडं पाहिलं. त्याला कळली होती, कालही आणि आजही, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर सगळ्या बायकांनी वाचलं. पलीकडच्या रांगेत कुणीतरी मांडीवरचे हात उचलले आणि मथुरेनं धरले होते तसे समोर धरले. मग शेजारणीनं धरले. बघता बघता सगळ्या गिरणीत ते सोललेले, फुगलेले हात वर आले. कुठं बघावं ते बिंदुमाधवला सुचेना. तो घंगाळाकडं बघत राहिला, तर तिथं मालकाचा माल नासत होता.

“मथुरेला बोलवा,” शेवटी तो पिराजीला पुटपुटला.

“कामावर घेतलं ना तिला?” सकवारबाईनं विचारलं.

“सरी,” तो म्हणाला.

“सरी नको. हो म्हणा. एका भाषेची माणसं ना आपण? मराठीत म्हणा.”

“हो.”

“मोठ्यानं. यल्लाप्पा फाटकाबाहेर उभा आहे, त्यालाही ऐकू जाऊ दे.”

“हो!” बिंदुमाधव ओरडला. “घेतलं तिला! आता तरी धागा धरा, माल कुजतोय!”

“सरी,” सकवारबाई म्हणाली, आणि मथुरा फाटकातून आत येऊन आपल्या जागेवर बसेपर्यंत तिनं घंगाळाला हात लावला नाही.