मास्तरांच्या खांद्याची गाठ

बायको गोड बोलायला लागली, तेव्हा शिंपीमास्तरांना खरी धास्ती बसली.

तशी गाठ चार वर्षांची. उजव्या खांद्यावर ती वाढत होती आणि हे आपले दर खेपेला स्वतःच्या शर्टाचा तो खांदा सूतभर सैल बेतून मोकळे. शेवटी घड्या घालताना बायकोला दोन खांदे जुळेनात आणि बिंग फुटलं.

डॉक्टरबाईंनी सुईने गाठीतल्या पेशी काढल्या. पण सूक्ष्मदर्शकाखाली बघूनही उमगेना, की गाठ साधी आहे की त्वचेचा एक दुर्मीळ कॅन्सर.

"पेशींची जनुकं तपासू," त्या म्हणाल्या. "या कॅन्सरमध्ये दोन भलतीच जनुकं एकमेकांना जोडली जातात."

"म्हणजे एकाची बाही दुसऱ्याच्या सदऱ्याला?"

"अगदी तसंच. जोड सापडली तर कॅन्सर. मग भोवतालची चांगली कातडीही काढावी लागेल."

मास्तरांनी कात्रीचा हात मांडीवर दाबून धरला. "नंतर हात उचलेल ना?"

"रिपोर्ट येऊ द्या."

त्याच संध्याकाळी बायको देवापुढे बसली आणि नेम घेऊन उठली. रिपोर्ट येईपर्यंत नवऱ्याला एकही टोमणा मारायचा नाही. चहा लवंडला, तर "असू द्या हो." डोक्यावरचा चष्मा मास्तर घरभर शोधत फिरले, तर तिने मुकाट्याने काढून हातात दिला.

"अगं, एकदा तरी बोल मला," ते काकुळतीला आले. "मेल्यासारखं वाटतंय."

"नेम आहे," ती हळूच म्हणाली.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. जोड सापडली होती.

"कॅन्सरच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण सावकाश वाढणारा, सहसा दूर न पसरणारा. स्कॅनही बघितला, गाठ स्नायूपर्यंत पोचलेली नाही. हात उचलेल तुमचा." त्यांनी गाठीभोवती पेनाने वर्तुळ काढलं.

मास्तरांनी आरशात मान वळवून पाहिलं. "बाई, ही कड जरा वाकडी आलीय. माझा खडू देऊ?"

"त्यांचं काम त्यांना करू द्या," मागून बायकोचा आवाज आला. "चार वर्षं अक्कल कुठे चरायला गेली होती? दोन खांदे दोन मापांचे, आणि म्हणे मास्तर."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. तिचा आवाज शेवटी जरा कापला होता.

"बोल," ते म्हणाले, "थांबू नकोस."