नाव न घेतलेली तिसरी रेघ

मी कोंढ्याच्या तलावातला एक जुना मापाचा दगड आहे. मित्रांनो, वय विचारू नका. मला कोरणाऱ्याची नातवंडंही म्हातारी झाली. अंगावर तीन रेघा आहेत. पाणी पहिल्या रेघेला टेकलं की तलाव भरला. तिथून दुसऱ्या रेघेपर्यंतचं पाणी जवळच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, धानाला, तिथून तिसरीपर्यंतचं टोकाच्या बांध्यांना. तिसरीखालचं गुरांना उन्हाळ्यात प्यायला; ते कोणी सोडायचं नाही.

त्या तिसऱ्या रेघेचं नाव मात्र गावात कोणी घेत नसे. नाव घेतलं की दुष्काळ येतो, अशी समजूत. पाणी तिथवर उतरलं की पाणी सोडणारे केशवराव नुसता हात वर करत आणि सगळे समजत, आता पाणी बंद. मला याचा अभिमान वाटायचा. मूर्खच होतो.

१९७८ साली नियोजनाचे एक साहेब आले. साऱ्या देशाच्या पाण्याचा आराखडा व्हायचा होता. साहेब भला माणूस. तलावाच्या बांधावर, पाळीवर, सतरंजी टाकून त्यांनी गावालाच विचारलं, कोणाला किती पाणी लागतं? जवळच्यांनी सांगितलं, टोकाच्यांनीही सांगितलं. मागे देवकाबाई बसली होती. तिला शेत नव्हतं. एका म्हशीच्या दुधावर तिचं घर चाले. ती गुरांच्या पाण्याचं बोलायला उठली, तोच त्या रेघेचं नाव निघेल या भीतीनं केशवरावांनी हात वर केला. ती बसली. आणखी कोणाचं काही, असं साहेबांनी दोनदा विचारलं. कागदावर दोनच रेघा गेल्या.

पुढच्याच वर्षी पावसानं दगा दिला. आराखड्याप्रमाणे तळापर्यंतचं पाणी बांध्यांना सुटलं. केशवरावांनी हात वर केला, पण कागदात तो हात नव्हता. धान वाचलं, हेही खरं. चैत्रात देवकाबाईची म्हैस ओलीच्या वासानं माझ्यापर्यंत आली आणि गाळात रुतली. माणसांनी दोर लावले, पण तिच्यात जीवच उरला नव्हता. माझ्यावर मान टेकून ती गेली. फार वाईट वाटलं मला.

केशवराव गाळात खाली बसले. "म्याच तुले बसवलं, बाई."

देवकाबाई म्हणाली, "तुमी हात वर केला, भाऊ. पर मले तोंड होतं. मी काहून बसली?"

मित्रांनो, कोणी विचारायला आलं तर बोला, आणि शेजारचा बोलत असेल तर त्याला बसवू नका. गप्प राहणाऱ्याचं पाणी कागदावर येत नाही.

देवकाबाई आता दर उन्हाळ्यात येते. तिसऱ्या रेघेला चुना लावते आणि मोठ्यानं म्हणते, "हे गुराईची रेघ." दुसरे साहेब अजून आलेले नाहीत.