मजकूर गळाला आहे

मी चष्मा बोलतोय. साधासुधा नव्हे बरं का, दुहेरी नंबरचा! वरच्या अर्ध्यातून लांबचं दिसतं, खालच्या अर्ध्यातून जवळचं. दुकानदाराने मला पुसता पुसता मालकांना सांगितलं, "साहेब, एका चष्म्यात दोन चष्मे आहेत!" तेव्हा जो मी फुगलो, तो परवापर्यंत फुगलेलाच होतो. खरं तर मला स्वतःला काडीचंही दिसत नाही. डोळे दुसऱ्याचे आणि मिरवणार मी.

माझे मालक छापखान्यात प्रुफं तपासायचे. तिथे त्यांना सगळे 'काना-मात्रा' म्हणत. चूक दिसली की आम्हा दोघांच्या अंगातच यायचं. बायको होती तेव्हा तिने यादीत 'दुध' लिहिलं, तर मालक आधी त्याचा उकार दीर्घ करायचे आणि मग पिशवी उचलायचे. औषधाच्या बाटलीवरची वेलांटीही त्यांनी सोडली नाही. कुणाचं कौतुक करायची त्यांची रीत एकच होती. चूक सापडली नाही, तर गप्प बसायचं. बायको गेली, मालक निवृत्त झाले, पण आमचा तोरा काही उतरला नाही.

त्यांची मुलगी यंत्रांच्या कारखान्यात जपानी माहितीपुस्तकांचं भाषांतर करते. तिला जुन्या जपानी सिनेमांचं भारी वेड. वाचनालयाच्या सभागृहात रविवारी असा एक सिनेमा दाखवायचा होता आणि पडद्यावर खाली येणाऱ्या आपल्या भाषेतल्या ओळी तिने लिहिल्या होत्या. असलं काम ती पहिल्यांदाच करत होती. गुरुवारी दुपारी ती लॅपटॉप टीव्हीला जोडत म्हणाली, "बाबा, चुका शोधू नका. नुसता बघा आणि कसा वाटला ते सांगा."

"हो हो," म्हणत मालक वही-पेन घेऊन बसले. सिनेमाला वही! आणि मीही शहाणा, काचा चकचकीत करून तय्यार. जपानी सिनेमा म्हणजे तलवारी निघणार, अशी माझी खात्री होती. निघाली छत्री. तीही काळ्या-पांढऱ्या सिनेमात काळी.

मग माझी फजिती सुरू झाली. ओळी पडद्याच्या तळाशी. त्या वाचायला मालकांनी नजर खाली नेली, की ती माझ्या जवळच्या नंबरात शिरायची आणि सगळी अक्षरं पिठासारखी. शेवटी मालकांनी हनुवटी छातीला टेकवून माझ्या वरच्या अर्ध्यातून वाचायला सुरुवात केली. ओळी दिसल्या, पण माणसांचे चेहरे गेले माझ्या फ्रेमच्या वर. पावणेदोन तास त्या चेहऱ्यांकडे आम्ही ढुंकून पाहिलं नाही. आणि मला वाटत होतं, काय मन लावून सिनेमा बघतोय आम्ही!

सिनेमा संपल्यावर मालकांनी वही पुढे केली. "अकराच चुका आहेत. पण एका ठिकाणी मजकूर गळाला आहे. दोन मिनिटं एकही ओळ नाही."

"बाबा, तिथे कोणी बोलतच नाही."

"दोन मिनिटं? काहीतरी राहिलंय. पुन्हा ऐक."

"अहो, मुलगा बोटीने लांब जातो. आई त्याला सोडून घरी येते, ओली छत्री उघडून ठेवते आणि बसते. बस्स."

"मग तसं लिही की! वाचकाला कळायला नको?"

"वाचक नाहीत हो, प्रेक्षक आहेत!" तिचा आवाज चढला. मग एकदम उतरला. "मी एवढंच विचारलं होतं, कसा वाटला."

मालकांनी उत्तर वहीत शोधलं. तिथे कुठून असणार? पाहिलाय कोणी!

शनिवारी ती परत आली. अकरा चुका दुरुस्त केल्या होत्या. त्या दोन मिनिटांत तिने खाली एक शब्द टाकला होता: (शांतता).

"झालं तुमच्या मनासारखं?" ती म्हणाली. "हे शेवटचं. यापुढे तुम्हाला काही दाखवायला आणणार नाही." आणि ती खिडकीशी जाऊन पाठ फिरवून उभी राहिली. मालकांचा हात वहीवर थांबला. एकुलती एक मुलगी, आणि एवढं कडू ती कधी बोलली नव्हती.

सिनेमा सुरू झाला. मालक मान खाली घालून ओळी वाचत गेले. ती दोन मिनिटं आली. (शांतता). वाचून झालं. पुन्हा वाचलं. शुद्ध होतं. आता करायचं काय? अखेर नाइलाजाने मालकांनी मान वर केली.

माझ्या वरच्या अर्ध्यातून त्यांना ती बाई दिसली. व्हरांड्यात छत्रीतून पाणी ठिबकत होतं. बाई हात मांडीवर ठेवून बसली होती. रडत नव्हती, काही नाही. उठायचं विसरली होती. आणि तिच्या पदराखाली, चुकलो, किमोनोखाली, तो आगाऊ शब्द कंसासकट चिकटून बसला होता.

"तो शब्द काढ," मालक म्हणाले.

"का? अशुद्ध आहे?"

"शुद्ध आहे. तरी काढ. मजकूर पूर्ण होता. चूक माझी."

मुलगी वळली. हे दोन शब्द मालकांच्या तोंडून तिने आजवर ऐकले नव्हते. मीही नाही.

"तू हॉस्टेलला गेलीस ना," मालक पडद्याकडेच बघत म्हणाले, "त्या दिवशी तुला सोडून आल्यावर तुझी आई अशीच बसली होती. संध्याकाळपर्यंत. मी समोरच होतो, प्रुफं वाचत."

"आई काही बोलली नाही?"

"नाही ना. म्हणून मला वाटलं, काही झालंच नाही."

ती येऊन त्यांच्या शेजारी बसली. लॅपटॉप मांडीवर घेऊन तिने तो शब्द पुसला, आणि मालकांनी मला काढून टेबलावर ठेवलं, कारण माझ्या ओल्या काचांतून आता काही दिसण्यासारखं नव्हतं.

सोमवारी मालक सिनेमापुरता वेगळा, एकाच नंबरचा चष्मा करायला टाकणार आहेत. करू देत. माझी तक्रार नाही. परक्या भाषेतला सिनेमा पहिल्यांदाच बघणार असाल, तर खालच्या ओळी जरूर वाचा, पोरीने कष्टाने लिहिल्यात. एखादी सुटली तर सुटू द्या, पण समोर कोण बसलंय ते बघा. मी हे सांगतोय म्हणून हसू नका. पोरगी हॉस्टेलला गेली त्या संध्याकाळी मालकांच्या नाकावर मीच होतो, आणि प्रुफातलं एकूणएक अक्षर मी त्यांना स्वच्छ दाखवत होतो.