चांदी धाकटीला

आईने उशाखालून डबा काढायला लावला तेव्हाच थोरलीच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण ती उलट सुखावली. आई अंथरुणाला खिळल्यापासून तो डबा कुणी उघडला नव्हता.

"सगळं काळं पडलं असेल बघ," आई म्हणाली. "उद्या धाकटी येतेय. जरा उजळून ठेव."

थोरलीने झाकण उघडलं. साखळ्या, बांगड्या, लांब कानातले, केसांचा चाप, सगळं तव्याच्या बुडासारखं झालेलं. आता एकदाची वाटणी होणार, हे न सांगताही तिला कळलं. नक्षीच्या बांगड्यांवर तिचा लहानपणापासून डोळा होता. मागितल्या मात्र कधीच नव्हत्या. मागणं हा तिचा स्वभावच नव्हता, आणि घरात सगळ्यांनी त्याचा सोयीने अर्थ लावला होता.

शिंप्याकडून आणलेलं काज-बटणांचं काम तिने बाजूला सारलं. पसरट भांड्यात पोळ्या गुंडाळायची फॉइल अंथरली, त्यावर साखळ्या आणि कानातले मोकळे मांडले, मीठ आणि खायचा सोडा भुरभुरवला आणि वरून उकळतं पाणी ओतलं. फसफस झाली आणि सडक्या अंड्याचा भपकारा सुटला.

"काही मेलं की काय?" आतून आई ओरडली.

"तुझी चांदी जिवंत होतेय," थोरलीही ओरडली, आणि दोघी हसल्या. आईला हसवणं थोरलीला छान जमायचं.

बांगड्या तिने गरम पाण्यात घातल्या नाहीत. आतून पोकळ, लाखेने भरलेल्या. लाख वितळली की बांगडी कामातून गेली. त्या तिने मांडीवर घेतल्या, मऊ ब्रशला साबण लावला आणि एकेका पाकळीतून काळं काढत बसली. काढताना हळूच एक हातात सरकवून बघितली. बसली. फडक्याने पुसून परत काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी धाकटी आली ती वाऱ्यासारखी. आईच्या गळ्यात पडली, रडली, डोळे पुसले आणि गादीवर मांडलेली चांदी बघून म्हणाली, "अगंबाई, नवीनच दिसतंय!"

"घे," आई म्हणाली. "तुझंच आहे सगळं."

थोरली चहाचे कप घेऊन दारातच थांबली. धाकटी ओशाळली, पण हात मागे घेतला नाही. "आणि ताईला गं?"

"तिला काय करायचंय? ती कुठं जाते-येते? तुझी चारचौघांत ऊठबस असते."

"ताई, तू हा चाप घे ना," धाकटी म्हणाली. त्याची कडी तुटलेली होती.

थोरलीने कप खाली ठेवले. आवाज चढवला नाही. "चाप नको. सगळं तूच ने. आणि त्याबरोबर आईलाही ने."

धाकटीने लगेच अडचणींचा पाढा सुरू केला. तिसरा मजला, मुलांच्या परीक्षा, ह्यांची फिरतीची नोकरी, एक खोली कमी. "तुला तर माहीतच आहे ना, ताई." बोलता बोलता तिचे हात बांगड्या रुमालात गुंडाळत होते.

थोरली आईकडे बघत राहिली. तिला वाटलं, निदान आता तरी हिच्या पोटात तुटेल. पण आईचा चेहरा शांत होता, न्याय करून मोकळ्या झालेल्या माणसासारखा.

"भांडू नका गं," आई म्हणाली. "मी काही कुणावर अन्याय केलेला नाही. दागिने तिला, मी तुला."

धाकटीने सुटकेचा निःश्वास टाकला. चहा प्यायली, थोरलीला मिठी मारून "तू आहेस म्हणून मला काळजी नाही" म्हणाली आणि उजेड आहे तोवर निघाली. थोरलीने तिला दारापर्यंत पोचवलंही नाही.

पुढेही थोरलीने आईचं काहीच करायचं सोडलं नाही. आईला कुशीवर वळवणं, अंग पुसणं, पाठीला पावडर, वेळेवर औषध. बघणाऱ्याने नावं ठेवावीत असं काही नव्हतं. फक्त तिचं बोलणं बंद झालं. पूर्वी ती काजं करता करता शिंप्याच्या दुकानातल्या गमती सांगायची, शेजारणीची नक्कल करायची, आणि आई गाल दुखेपर्यंत हसायची. आता विचारलं तेवढ्याचं उत्तर, तेही हो किंवा नाही.

एका दुपारी आईने तिचा हात धरला. "अगं, बोल की काहीतरी. घर खायला उठतं."

थोरलीने तो हात हलकेच सोडवून पांघरुणाखाली ठेवला, पांघरूण नीट केलं.

"औषधाची वेळ झाली," ती म्हणाली आणि पाणी आणायला गेली.