स्टोयानच्या सुराला लावलेला पियानो

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे. जन्म जर्मनीतला, मुक्काम कुवेतमध्ये मंगफच्या एका संगीतशाळेत. इथे आलो तेव्हा माझ्या लाकडात तोंड दिसायचं. पुढे वीस वर्षं मुलांनी माझ्या पट्ट्या बडवल्या, कुणी च्युइंगमही चिकटवलं. पण मला जपणारे उल्हासकाका होते. साताऱ्याचे. एरवी एका कंपनीत तंत्रज्ञ आणि शुक्रवारी माझे वैद्य.

दोन वर्षांपूर्वी शाळेत दोन नवे शिक्षक आले. इनग्रिड नॉर्वेची, जॅझ पियानो वाजवणारी. स्टोयान बल्गेरियाचा, अकॉर्डियनवाला. दोघांनी मिळून एक रेकॉर्ड करायचं ठरवलं. पण स्टोयानचं अकॉर्डियन आजोबांचं, त्याचा सूर जरा चढा, आणि तो त्याला कुणाला हात लावू देईना. मोठ्या हॉलवाल्यांनी आपले पियानो चढवायला साफ नकार दिला. मग काकांनी चार शुक्रवार खपून माझी एकेक तार त्या सुराला लावली. ताण सोसत नव्हता, तरी मी फार मिरवलो.

इनग्रिडला दोन सुरांमध्ये मोकळी जागा हवी असे. स्टोयानच्या गावचा नाच सात मात्रांचा, त्याला थांबणं ठाऊक नाही.

"तू मला श्वास घेऊ देत नाहीस," ती म्हणाली.

"आणि तू नाचणाऱ्यांना वाटेत उभं करतेस," तो म्हणाला.

महिनाभर हेच चाललं. मग एका संध्याकाळी तो पाचव्या मात्रेवर आपणहून थांबला आणि उरलेल्या दोन तिने माझ्यावर वाजवल्या. दारात उभ्या काकांचे डोळे भरून आले. मला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

रेकॉर्डिंग सप्टेंबरात ठरलं. त्यानंतर स्टोयानचा करार संपणार होता.

जुलैत काका-काकू गावी निघाले. विमानतळाच्या वाटेवर ते शाळेच्या हॉलमध्ये माझ्याकडे डोकावले. मेधाकाकूंनी दारातूनच विचारलं, "अहो, सगळं बंद केलंत ना? घरचा गॅस, नळ पाहिलेत?"

"पाहिलं गं सगळं," म्हणत काकांनी दिवे बंद केले आणि त्याच हाताने एसीही. तो कधी बंद करायचा नाही, हे वीस वर्षं काकाच सगळ्यांना बजावत आले होते.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी, हॉलला कुलूप; ऑगस्टमध्ये त्याची भट्टी झाली. माझं लाकूड सुकत गेलं आणि चढवलेल्या तारांनी ते फोडलं. खुंट्या जिथे रुततात, तिथेच चीर गेली. सप्टेंबरात काका एक खुंटी पिळायचे, दुसरीकडे वळेपर्यंत पहिली उतरलेली असायची. तीन दिवस ते झगडले.

"एसी मी बंद केला," शेवटी ते म्हणाले.

कुणी रागावलं नाही. स्टोयानने अकॉर्डियन पेटीत ठेवलं आणि तो आपल्या देशी गेला. पुढच्या महिन्यात इनग्रिडही गेली. ते रेकॉर्ड आता होणार नाही. काकाही शुक्रवारी येत नाहीत. माझ्याकडे पाहणं त्यांना जमत नसावं.

मित्रांनो, मला जीव लावणाऱ्यांचाच हात घाईत चुकला, म्हणून त्यांना दोषही देववत नाही. तुम्ही सुट्टीवर निघाल तेव्हा घरातल्या वाद्याला, झाडाला, माशांना काय लागतं ते एकदा आठवा आणि तेवढं चालू ठेवा. मला आता काही लागत नाही.