कोळंबीचा काळा दोरा

उद्या दहा वाजता मांद्र्याच्या एका शाळेत तनयाला वर्ग घेऊन दाखवायचा होता. विषय होता प्राण्यांची मज्जासंस्था. पाच वर्षं तात्पुरत्या नेमणुकांवर काढल्यावर ही पहिली कायमची जागा हाती येऊ घातली होती. त्यात सासरे सगुण सर निवृत्त विज्ञान शिक्षक! सकाळपासून ते कोरगावच्या घराच्या सोप्यावर सुनेची तयारी करून घ्यायला ठाण मांडून बसले होते, आणि त्यांना उठवायची कुणाची टाप नव्हती.

"जेलीफिशपासून सुरू कर," सर म्हणाले. "तिका मेंदू नाय. आंगभर नुसती जाळी. खंयय हात लाव, सगळ्या आंगाक कळता."

"आमच्या वाड्यार तसांच," दारात कोळंबी सोलत बसलेल्या प्रभावतीबाई म्हणाल्या. "मेंदू कोणाक नाय, पण खबर सगळ्यांक."

सरांनी बायकोचं बोलणं नेहमीप्रमाणे ऐकलंच नाही. "मगे तारामासो. तोंडाभोवती एक कडां, थंयसून दर हातात एक दोरो. आणि मगे सुंगटा!" सरांनी बायकोच्या ताटातल्या कोळंबीकडे बोट केलं. "पाठीर काळो दोरो आसता, तीच सुंगटाची मज्जारज्जू. ह्या सांगच. वर्ग बघूक विशाल येतलो. माझोच विद्यार्थी. तो ह्याच विचारतलो."

तनयाचा चेहरा उतरला. तो दोरा म्हणजे कोळंबीचं आतडं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खरं सांगावं तर सरांकडून शिकलेला विशाल गुण कापणार, आणि खोटं सांगायला जीभ रेटेना. शिवाय सासऱ्यांना चूक म्हणायचं कसं?

हे उदाहरण कुठल्या पुस्तकात नव्हतंच, ते सरांनी पदरचं घातलेलं. फार वर्षांपूर्वी लग्नाच्या जेवणात अर्धवट निवडलेली कोळंबी त्यांच्या पानात आली, आणि सरांना साक्षात्कार झाला. माणसाची मज्जारज्जू पाठीत, माशाची पाठीत, मग कोळंबी कोण लागून गेली?

"बाबा, तो दोरो..." तनया चाचरत म्हणाली.

"एकतीस वर्सां शिकयलंय मी!"

प्रभावतीबाईंनी एका कोळंबीचा दोरा ओढला, दोन बोटांत चिरडला आणि बोटं सरांच्या नाकाशी नेली. मातकट काळी घाण. "ह्याच्यान ती इचार करता?"

आता गप्प राहण्यात अर्थ नव्हता. तनयाने साडीची पिन काढली, ताटातली एक कोळंबी उताणी केली आणि पोटाकडून, पायांच्या मधून, एक पांढुरका बारीक धागा उचलला. "बाबा, मज्जारज्जू ही."

सरांनी चष्मा वर केला, खाली केला.

"एकतीस वर्सां सुंगटा खाल्ली," बाई म्हणाल्या, "पण एकय सोलूक नाय."

तनयाला त्यांची फार दया आली. आता ते रागाने उठून जातील असं तिला वाटलं, पण त्यांनी मोबाइल उचलला. कमी ऐकू येत असल्याने ते नेहमी स्पीकर लावत.

"विशाल, मी सगुण सर. सुनेचो वशिलो लावूक फोन करूक नाय मी. नववीत तुका एक चुकीचा शिकयलंय. सुंगटाचो तो काळो दोरो..."

"तां आतडां, सर," पलीकडून विशाल हसत म्हणाला. "माझी आई हरमलच्या बाजारात सुंगटा विकी. माका तेव्हाच म्हायत होता."

"मगे पेपरात तसां कित्याक लिवलंस?"

"तुमका वायट दिसात म्हणून, सर."

फोन ठेवून सरांनी ताट स्वतःकडे ओढलं आणि बायकोला विचारलं, "खंयसून धरतत गो?" पहिल्याच कोळंबीचे दोन तुकडे झाले. बाईंनी चक्क तोंड दुसरीकडे वळवलं आणि हसू दाबलं.

दुसरी कोळंबी उचलत सर म्हणाले, "तनया, फाल्या वर्गात कोणी पोरान तुझी चूक काढली, तर तेका बोलूक दी."