दाढीआधीचा लिंकन

मित्रांनो, मी एक जुनी दाढी आहे. खोटी! काळ्या नायलॉनच्या केसांची, कानांमागे अडकवायला इलॅस्टिक असलेली. मिशिगनमधल्या नोव्हाय गावी एका शाळेच्या कपाटात माझं खोकं आहे. मला काम वर्षातून एकच दिवस. त्या दिवशी पाचवीची मुलं थोर माणसांचे वेश करून पुतळ्यासारखी उभी राहतात. समोरचं कागदी बटण कुणी दाबलं, की पुतळा बोलू लागतो. मला लावणारा अर्थातच अब्राहम लिंकन! ‘मी गुलामांना मुक्त केलं’ म्हणायचं, टाळ्या घ्यायच्या, की माझी रवानगी खोक्यात. केस गळले, इलॅस्टिक सैल पडलं, पण कुणाला काय त्याचं! वर्षभर दोन शब्द बोलायला कुणी नाही.

यंदा मी जागृतीच्या वाट्याला आले. ती टेक्ससमधून नुकतीच इथे आलेली, अगदी एकटी पडलेली. डब्याच्या वेळी तिच्याशेजारी बसायची ती फक्त इमानी. इमानीच्या पणजोबांचे आजोबा गुलाम होते.

सरावासाठी जागृतीने मला घरी नेलं. वाचता वाचता तिला कळलं, की गुलामगिरी वाईटच असं लिंकन आधीपासून म्हणायचा खरा. पण दाढी ठेवण्याआधी, निवडणुकीच्या भाषणात, काळ्या लोकांना गोऱ्यांची बरोबरी द्यायला मी तयार नाही, असंही तो म्हणाला होता. पोरीचा चेहरा खर्रकन उतरला.

"आई, हे मी स्किप करते. इमानी ऐकेल ना! शी इज माय ओन्ली फ्रेंड."

तिची आई सुमित्रा लॅपटॉप मिटून जवळ बसली. "आपल्या लोकांनी काय सोसलं, हेही माझ्या शाळेत अर्धंच शिकवायचे गं. फार जीव तुटायचा माझा. तू पूर्ण सांग. आधी काय म्हणाला, मग कसा बदलला, सगळं."

कार्यक्रमाच्या दिवशी जागृतीने मला हातातच धरलं. आधी दाढीविना बोलायचं, मग मला लावून पुढचं. आणि पहिलं बटण नेमकं इमानीनेच दाबलं! जागृतीने अडखळत ते वाक्य म्हटलं. इमानीचं हसू मावळलं.

"असं का बोलतेस तू?" म्हणाली आणि तरातरा निघून गेली. मला लावायच्या आतच!

मग लोक येत राहिले, बटण दाबत राहिले. जागृती बोलत होती, पण डोळे सारखे दाराकडे. मला इतकं वाईट वाटलं! माझ्या आडून आजवर सगळ्यांनी अर्धाच लिंकन ऐकला, आणि हिच्या मैत्रिणीने तेवढा उरलेला अर्धा. खोक्यातला एकटेपणा परवडला, पण पोरीचा तो चेहरा बघवेना.

हॉल रिकामा झाला. जागृती आवराआवर करू लागली, तोच बटणावर एक बोट आलं. इमानी! डोळे लाल झालेले.

"मग? पुढे काय झालं?"

जागृतीने घाईघाईने मला कानांमागे अडकवलं. युद्ध, मुक्तीचा जाहीरनामा, काळ्या सैनिकांनी सांडलेलं रक्त, आणि शेवटी त्यांच्यातल्या काहींना तरी मत द्यायचा हक्क हवा म्हणणारा लिंकन, सगळं सांगितलं.

"काहींनाच?"

"हो, काहींनाच. मग लगेच त्याला गोळी घातली."

"म्हणजे त्याचं बदलणं अजून संपलं नव्हतं," इमानी म्हणाली आणि जागृतीच्या शेजारी येऊन उभी राहिली.

मित्रांनो, माझं काय, मला खुशाल कपाटात टाका. पण माणूस बोलत असताना अर्ध्यावर उठून जाऊ नका. गेलातच, तर परत या. कुणीतरी हातात दाढी धरून वाट बघत असतं.